एकोणीस रेघांचा नंबर

मोठेबाबा, एकोणीसचा फुटत नाही.

हे सांगायला मला उशीर झाला. मंडईच्या दिवशी मी तुम्हाला नेमकं उलटं सांगून भंडाऱ्याला निघून गेले होते. भाऊबीज आटोपली होती, गावात मंडईची जत्रा भरली होती, घरापुढच्या सपरीत पाहुणे दाटीनं बसले होते. माझी होस्टेलची मैत्रीणही त्यांच्यात होती. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "काय वो, आपल्या एकोणीसचं काय झालं?" मला लाज वाटली. कशाची, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. मी म्हणाले, "फुटते तो. काहून नाही फुटणार? आणि तुमचं ते 'लाभ उरते, लाभ उरते', ते काही गणित नव्हे, मोठेबाबा. ती मापाऱ्याची सवय हाय."

तुमच्या अडकित्त्यात सुपारी तशीच राहिली. मग तुम्ही पाहुण्यांकडे बघून हसलात. "आमची पोट्टी बीएस्सी करून राहिली. तिचं मानाच लागते." आणि सुपारी कातरलीत.

त्यानंतर बाराव्या दिवशी बाबांचा फोन आला.

तुम्ही कोण होता, कुठं जन्मलात, मागे कोण कोण आहे, हे मी लिहीत नाही. तुम्ही बाबांचे थोरले भाऊ आणि गावाचं धान मोजून देणारे मापारी, एवढं पुरे; बाकीचं आंबागडाखालच्या आपल्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मला फक्त त्या नंबराबद्दल बोलायचं आहे, कारण तो आपल्या दोघांचा होता. आणि त्यात एक चूक माझी आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही.

मी पहिलीत होते. विकायचं धान पोत्यांत भरून खरेदी केंद्रावर जायचं, तिथं ते काट्यावर चढायचं. पण घरी खायचं धान ढोलीत, त्या शेणामातीनं लिंपलेल्या कणगीत, भरताना तुम्ही ते कुड्यानंच मोजायचे. गावात कोणाकडेही ढोली भरायची असली की तुम्हालाच बोलावणं यायचं. काट्याचा तुम्हाला राग नव्हता. तुम्ही एवढंच म्हणायचे, "काटा मोजते, पण म्हणत नाही." म्हणणं तुम्हाला महत्त्वाचं होतं. लोखंडी कुडो धानात खुपसून भरायचा, वरून हात फिरवून सपाट करायचा, ढोलीत रिकामा करायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "लाभ." एक म्हणायचं नाही. लाभ, मग दोन, मग तीन. प्रत्येक कुड्याला सपरीच्या भिंतीवर कोळशाची एक उभी रेघ. एकोणीस रेघा झाल्या की विसाव्या कुड्याला रेघ नाही. तेव्हा "खंडी" असा आवाज द्यायचा आणि रेघांच्या शेवटी काळा अंगठा उमटवायचा. वीस कुड्यांची एक खंडी झाली. पुन्हा लाभ.

शाळेत त्याच आठवड्यात आम्हाला इंग्रजी आकडे शिकवायला घेतले होते. इंग्रजीतला एक म्हणजे नुसती उभी काडी, हे मला फार सोपं वाटलं होतं. मी भिंतीसमोर उभी राहून वाचायला लागले. वन, वन, वन, वन.

"काय वाचून राहिली वो?"

"नंबर."

"कोणता नंबर?"

"हा काय, भिंतीवरचा. लय मोठा हाय."

बाबा हसले. "बावळे, त्या रेघा होत. नंबर नव्हे."

तुम्ही हसला नाहीत. कुडो खाली ठेवलात, भिंतीजवळ आलात आणि मान वाकडी करून बघत राहिलात. अंगठ्याचा काळा ठसा मला पूर्णविराम वाटला होता, तेही मी सांगितलं. "थांब गा," तुम्ही बाबांना म्हणालात, "पोट्टी बरोबर वाचून राहिली. दिसते त नंबरच." मग माझ्याकडे वळून, "किती झाला?"

मला शंभरापर्यंत येत होतं. तुम्ही चौथी शिकलेले, पण तुमच्या गुरुजींनी घोकून घेतलेली नावं तुम्हाला पाठ होती. उजवीकडच्या रेघेवर बोट ठेवून तुम्ही सुरू केलंत. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र. बोट डावीकडे सरकत गेलं. लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज. पुढची नावं मी कधीच ऐकली नव्हती. खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्धावर तुम्ही थांबलात. डावीकडे अजून एक रेघ होती.

"हिले नावच नाही," तुम्ही म्हणालात. "नावं सरली, रेघ उरली."

तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर कॉलेजात एकदोन सरांच्या चेहऱ्यावर पाहिलं. तेव्हा मला वाटलं, तुम्ही घाबरलात. आतून मोठीआई ओरडली, "माप सोडून का करून राहिले? कोंबड्या धान खाऊन राहिल्या!"

त्या दिवसापासून तो आपला नंबर झाला. एकोणीस लाभ ओळीनं उभे असलेला.

नंबर फोडायचा खेळ तुम्हीच काढला. बाराचे तीन चोक होतात, म्हणजे बारा फुटला. पंधरा फुटला. तेरा फुटत नाही. जो फुटत नाही त्याला तुम्ही गोटा म्हणायचे. भातातल्या खड्यासारखा, दात जाईल पण तो फुटणार नाही. मी विचारलं होतं, मग एक गोटा हाय का? तुम्ही जराही विचार न करता म्हणालात, "तो गोटाबी नाही अन् फुटणाराबी नाही. तो लाभ हाय." पुढे सहावीत बाईंनी सांगितलं की एक ही मूळ संख्याही नाही आणि संयुक्तही नाही. वर्गात सगळे गोंधळले, "असं कसं?" म्हणाले. मला त्यात काही नवल वाटलं नाही. मला वाटलं, हे सगळ्यांच्याच घरी माहीत असेल.

मोठे नंबर कसे फोडायचे हेही तुम्ही मापावरून शिकवलंत. पंधरा रेघा असतील तर पाच-पाचच्या तीन जुड्या बांध. आता पाच लाभांचा जो नंबर आहे, अकरा हजार एकशे अकरा, तेवढ्याचा कुडो कर. पंधरा लाभांचा नंबर त्यानं बरोबर मोजला जाईल, काही सांडणार नाही. म्हणजे रेघांची संख्याच फुटत असेल, तर तो मोठा नंबरही फुटणारच. आपण मेहनत करायची ती फक्त रेघांची संख्या गोटा असेल तिथं. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस. हे तुम्ही मला कोळशानं भिंतीवर समजावलं तेव्हा मी पाचवीत होते. तुम्हाला हे कोणी शिकवलं, असं मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, मोठ्या माणसांना येतंच.

दोन लाभ म्हणजे अकरा, तो गोटा. तीनचा फुटला, तीन गुणिले सदतीस. पाचचा फोडायला आपल्याला दोन दिवस लागले, एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सातचा काही केल्या फुटेना. मी आठवीत होते, शाळा पाच किलोमीटरवर. मधल्या सुट्टीत तुम्ही सायकलवर फाटकाशी येऊन उभे. धोतराला चिखल, हातात कागद. शिपाई धावत आले, बाई आल्या, मलाही वाटलं घरी कोणाचं काही झालं.

"काय झालं हो, काका?" बाईंनी विचारलं.

"सातचा फुटला," तुम्ही म्हणालात. "दोनशे एकोणचाळीसनं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गातल्या मुली पुढे वर्षभर मला 'सातची' म्हणायच्या. मला त्याचा राग यायचा. आता कोणी म्हटलं तर आवडेल.

अकरापासून पुढे हातानं जमणार नाही, हे आपल्या दोघांनाही कळलं. तेव्हा तुम्ही तह केलात. "अकराचा, तेराचा अन् सतराचा मोबाइलले विचार. पण एकोणीसचा नाही. तो आपला हाय. तो आपणच पाहू. मले त तो गोटाच वाटते." मी विचारलं. तिन्ही फुटत होते. मी उत्तरं वाचून दाखवली आणि तुम्ही पाटी घेऊन बसलात. मला वाटलं, गुणाकार करून पडताळून बघत असाल. संध्याकाळी तुम्ही पाटी माझ्यासमोर धरलीत.

"पाह्य. तेराचा त्रेपन्ननं फुटला न? त्रेपन्नात तेराचे ढीग कर. चार ढीग, किती उरला?"

"एक."

"लाभ म्हण. आता एकोणऐंशी. सहा ढीग, उरला लाभ. पाचच्यात एक्केचाळीस होता. पाचचे आठ ढीग, लाभ उरला. सातच्यात दोनशे एकोणचाळीस. सातचे चौतीस ढीग, अन् लाभ. अकराचा तो एकवीस हजाराचा भाजक, त्यातबी अकराचे ढीग करून पाह्यले. लाभच. जितक्या रेघा तितक्याचे ढीग करायचे, लाभ उरते. दरवेळी."

मी पहिलं वर्ष संपवून उन्हाळ्याच्या सुट्टीत आले होते. मी नव्यानं शिकलेला एक शब्द होता, सिद्धता. मी तो तुमच्यावर फेकला. "पाचसात वेळा जमलं म्हणून नियम होत नाही, मोठेबाबा. सिद्धता लागते. अन् तीनचं काय? तीन लाभांच्या नंबराले तीननं भाग जाते. तीनात तीनचा एकच ढीग होते, काहीच उरत नाही. सांगा."

तुम्ही पाटी परत मांडीवर घेतलीत. मग म्हणालात, "तीन घरचा हाय."

"गणितात घरचा अन् बाहेरचा नसते!"

"नसल. पण तीन घरचा हाय."

मी इतकी हसले की मोठीआई बघायला आली. मंडईच्या दिवशी पाहुण्यांसमोर मी जे बोलले ते त्या हसण्याचंच पुढचं टोक होतं.

तुमच्या जाण्याचा दिवस मला तुकड्यांत आठवतो. भंडाऱ्याहून तुमसर, तुमसरहून गाव. बांध्यांमध्ये कापलेलं धान, काही ठिकाणी पुंजणे रचलेले. तुम्हाला नेऊन आल्यावर घरात जो तो हळू बोलत होता. मोठीआईनं मला ढोलीमागं बोलावलं आणि पदराखालून तुमची पाटी काढून दिली.

"तुयी हाय," ती म्हणाली. "तू गेल्यापासून रोज भाग देत बसत. मी म्हटलं, पोट्टी बोलली त इतकं कायले मनावर घेता. त म्हणे, मनावर कुठं घेतलं. पोट्टी म्हणते फुटते, त फुटतच असल. कशानं फुटते ते पाहू."

मोठेबाबा, 'तिचं मानाच लागते' हे तुम्ही मला टोमणा म्हणून म्हटलं, असं मी बारा दिवस समजत होते. तुम्ही खरंच मानलं होतं. तुमचं मन सांगत होतं की तो गोटा आहे, आणि माझं खरं ठरावं म्हणून तुम्ही भाजक शोधत होता.

पाटीच्या कडेला एकाखाली एक आकडे होते. १९१, २२९, ४१९, ४५७. प्रत्येकावर काट मारलेली. मी तिथंच बसून मनात एकोणीसचे ढीग करून पाहिले. प्रत्येकात लाभ उरत होता. म्हणजे माझं म्हणणं मानून भाजक शोधतानाही तुम्ही तुमचा नियम सोडला नव्हता. पाचवा आकडा ५७१. त्याच्यावर काट नव्हती. त्याचा भागाकार पाटीवर अर्धा होता. बारा लाभ खाली उतरवलेले, बाकी १३४, आणि पुढे मोकळी पाटी. सात लाभ उतरवायचे राहिले होते.

मी ते सात उतरवले. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. शेवटी ५५६ उरले. ५७१ नंही भाग जात नाही. मी काट मारली. मोठीआई शेजारी बसून बघत होती. तिनं विचारलं, "झाला?" मी म्हणाले, "हा झाला. अजून लय हायेत."

तेरवी आटोपून कॉलेजात गेले त्याच आठवड्यात सरांनी बाक्यांचं प्रकरण सुरू केलं होतं. तास संपल्यावर मी फळ्याजवळ गेले. मला सरांशी बोलताना अजूनही घाम फुटतो. मी वहीवर तुमचे ढीग लिहून नेले होते, पाचचे, सातचे, तेराचे. विचारलं, सर, हे दरवेळी असंच होतं का?

सरांनी वही घेतली, थोडा वेळ बघितली आणि खडू उचलला. त्यांनी सांगितलं ते मला जसं समजलं तसं सांगते. समजा एखादा गोटा आपल्या एकोणीसच्या नंबराला पुरा भाग लावतो. आता एकापासून सुरू कर, दहानं गुणत जा आणि दरवेळी त्या गोट्यानं भागून बाकी लिही. एकोणीस पावलांनी बाकी पुन्हा एक येते आणि सगळं पहिल्यापासून. एकोणीस बाक्यांचं एक रिंगण झालं. ज्या बाक्या रिंगणाबाहेर राहिल्या त्यांतली एक घेऊन तसंच चाल, तिचंही एकोणीसचंच रिंगण होतं. असं करत सगळ्या बाक्या रिंगणांत बसतात, कोणी मोकळं राहत नाही. आणि त्या गोट्याच्या एकूण बाक्या त्याच्याहून एकानं कमी असतात, कारण शून्य बाकी धरायची नाही. म्हणजे गोट्यातून एक बाजूला काढला की उरलेल्याचे एकोणीसचे पूर्ण ढीग.

"म्हणून बाकी नेहमी एकच येणार," सर म्हणाले. मी वहीत लिहिलं, बाकी लाभ.

मग मी तीनचं विचारलं. मला वाटलं होतं, तिथं नियम मोडेल आणि मला निदान तेवढं तरी बरोबर ठरता येईल. सर हसले. "तीनला सोडून. दहाला तीननं भागलं की बाकी एक, म्हणजे तीनला दहा आणि एक सारखेच दिसतात. त्याचं रिंगणच होत नाही. आणि हे बघ, नुसत्या एकांच्या ह्या नंबराला नवानं गुणलं की सगळे नऊच नऊ होतात. त्या नवात तीन बसलेला आहे. तो आतलाच आहे, त्याला हा नियम लागत नाही."

आतलाच आहे, मोठेबाबा. तुम्ही म्हणालात घरचा. दोन शब्द वेगळे आहेत, एवढंच.

"हे ढीग कोणी करून पाहिले?" सरांनी विचारलं.

"माझ्या मोठ्या बाबांनी."

"काय करतात ते?"

"मापारी होते." 'होते' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा उच्चारला. सरांना काय समजलं कोण जाणे, त्यांनी फळा पुसला नाही. डस्टर खाली ठेवून निघून गेले.

आता तहाचं. एकोणीसचा मोबाइलला विचारायचा नाही, हे मी पाळलं. पण मशीन वापरली, ते सांगितलं पाहिजे. कॉलेजच्या लॅबमध्ये मी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला, तुमच्या नियमाचा. नंबर विषम आहे, म्हणून भाजकही विषमच हवा. तेव्हा एकोणीसऐवजी अडतीसचे ढीग केले तरी चालतात. अडतीसच्या ढिगात लाभ उरतो तेवढेच आकडे घ्यायचे. नियमाशिवाय एकेक आकडा घेत गेलो असतो तर नंबराच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे एकशे पाच कोटींपर्यंत जावं लागलं असतं. तुमच्या नियमानं ते पावणेतीन कोटींवर आलं. तुम्हाला एकेकाला दोन-तीन दिवस लागत होते. मशीनला काही मिनिटं लागली. मी पडद्याकडे न बघता नखं खात बसले होते. एकही भाजक निघाला नाही. एकोणीस लाभांचा नंबर गोटा आहे.

म्हणजे तुम्ही बरोबर होता. पण सगळं मान्य करणार नाही हं मी. तो का फुटत नाही ह्याचं तुमचं कारण होतं, "खंडीच्या दारात उभा हाय तो, कोण फोडते त्याले?" ते कारण चुकलं. कारण त्यानंतर मी पुढचे शोधले, ते काही आपले नव्हते म्हणून मोबाइलवरच. तेवीसचाही फुटत नाही आणि तेवीस कोणाच्या दारात उभा नाही. त्यानंतर थेट तीनशे सतराचा. मग एक हजार एकतीसचा. पुढे आहेत, पण फार फार दूर. तुम्ही ह्यावर काहीतरी उत्तर दिलंच असतं. तीनशे सतराचाही एखादा दरवाजा काढला असता. ते ऐकायचं राहिलं.

आणि एक सांगायचं राहिलं. तुम्ही एकदा ढोलीला शेण-माती लावता लावता विचारलं होतं, "असे लाभाचे गोटे किती असतील? कुठंतरी सरत असतील का नाही?" मी तेव्हा म्हणाले होते, पुस्तकात असेल, बघून सांगते. पाहिलं. पुस्तकात नाही. हे जगात कोणालाच माहीत नाही. ज्यांनी आयुष्यभर हेच केलं त्यांनाही नाही. मला हे वाचून किती बरं वाटलं, सांगू? कॉलेजात मला सतत वाटतं की सगळ्यांना सगळं आधीपासून येतं आणि मीच उशिरा आले आहे. ह्या प्रश्नापाशी मात्र सर, मी आणि तुम्ही एकाच सपरीत बसलो आहोत.

गेल्या रविवारी घरचं धान मोजलं. बाबांनी विचारलं, "मोजल कोण? शेजारून काटा आणू का?" मोठीआई म्हणाली, "घरच्या धानाले काटा नाही. पोट्टी मोजल." मला येत नाही म्हणाले, तर म्हणते, "इतकी शिकली अन् विसापर्यंत येत नाही?"

कुडो जड असतो, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या हातात तो कधी जड दिसला नाही. पहिला भरला, हात फिरवला, ओतला आणि तोंडातून निघून गेलं, "एक."

बाबांचा हात थांबला. मोठीआईनं माझ्याकडे पाहिलं. बाबांनी ढोलीत हात घालून तेवढं धान परत काढलं, ढिगावर टाकलं आणि कुडो माझ्या हातात दिला. मी पुन्हा भरला. ह्या वेळी बरोबर म्हणाले, पण आवाज निघाला नाही.

दोन, तीन, चार. कोळशाची रेघ, मग रेघ. तुमच्या गेल्या वर्षीच्या रेघांखालीच जागा होती. माझ्या वाकड्या आल्या. एकोणीस झाल्या तेव्हा मी थांबले.

"कायले थांबली?" बाबा म्हणाले.

"हा फुटत नाही, बाबा."

"कोण?"

"हा नंबर."

बाबांनी अंगावरचा भुसा झटकला आणि भिंतीजवळ आले. कधीकाळी त्यांनीच म्हटलं होतं की ह्या रेघा आहेत, नंबर नव्हे. आता ते डावीकडून उजवीकडे बघत गेले, हळूहळू, ओठ हलवत. मोजत होते की वाचत होते, कळलं नाही.

"दादाले मालूम होतं?"

"मालूम होतं," मी म्हणाले. "मीच नाही म्हटलं होतं. पाहुण्यांसमोर."

मोठीआईनं हातातलं सूप आपटून कोंबड्या हाकलल्या. "खंडी म्हण अन् पुढं चाल, माय. उन्हं उतरून राहिली."

मी विसावा ओतला. "खंडी," म्हणाले. अंगठा कोळशात बुडवला आणि रेघांच्या शेवटी दाबला. तुमच्या ठशापेक्षा माझा बराच लहान आला. मग कुडो पुन्हा भरला, वरून हात फिरवला, ओतला.

"मोठ्यानं म्हण," बाबा म्हणाले. "मघाशी ऐकू आलं नाही."

मी मोठ्यानं म्हणाले, "लाभ."